परका हात

सरूवहिनींकडे मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला बसता येत नव्हतं. जागा सांगायची लाज वाटते, पण गोष्ट तिथूनच सुरू होते म्हणून सांगतो, गळू झालं होतं ते बुडावर. सिल्वासाच्या यार्नच्या कंपन्यांत ज्यांनी दिवस काढलेत त्यांना यात काही नवल वाटणार नाही. मशीनवर धाग्याला तेल लागायचं, तेच तेल हवेत उडायचं आणि आमच्या शर्टा-पँटींत मुरायचं. अख्खी शिफ्ट त्या तेलकट कपड्यांत घामाघूम उभं राहायचं आणि खोलीवर यावं तर पाण्याची बोंब. मग कुणाच्या मांडीला, कुणाच्या काखेत, कुणाच्या दंडावर करटं उठायची. नव्या माणसाला पहिलं करट उठलं की जुने लोक म्हणायचे, "झाला, हा पर्मनंट झाला."

नव्वदच्या आसपासचे दिवस. मी, वाल्मिक, अमळनेरकडून येऊन सामरवरणीच्या एका पत्र्याच्या चाळीत राहत होतो. लग्न व्हायचं होतं. चाळीत बहुतेक सगळे खानदेशातले, दोन-चार घरं नाशिककडची. टोकाच्या खोलीत भगवंतभाऊ, त्यांची बायको सरूबाई आणि मुलगी गुड्डी राहायचे. भगवंतभाऊ माझ्याच मशीनवर ऑपरेटर होते, माझ्याहून बरेच मोठे. दुपारी डबा मी उभ्यानं खातोय हे त्यांनी दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी सगळ्यांदेखत विचारलं, "काय भो, उभ्यानं जेवाचा नवस बोलेल शे का?" हॉलभर हशा पिकला. मला रडूच यायचं बाकी होतं. शिफ्ट सुटल्यावर मात्र ते मला हाताला धरून थेट आपल्या घरी घेऊन गेले.

वहिनींनी माझ्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. साडीचा पडदा आडवा केला आणि त्याच्या पलीकडे स्टोव्ह पेटवला. जवसाचं पीठ पाण्यात शिजवून त्यात हळद आणि थेंबभर तेल घातलं. ती पोटीस स्वच्छ फडक्यावर पसरली, मनगटावर टेकवून तिचा चटका पाहिला. मग तिच्यावर आपला तळवा ठेवून डोळे मिटून क्षणभर बसल्या. पडद्याच्या फटीतून मला तेवढंच दिसलं. फडकं पडद्याखालून भाऊंच्या हातात आलं आणि बाकीचं काम भाऊंनी केलं, माझी यथेच्छ टर उडवत. शेवटी पडद्याआडून आवाज आला, "झालं. आता कुशीवर निज. सकाळी ठणका नही राहणार."

आणि खरंच सकाळी ठणका नव्हता. दोन-तीन दिवसांत गळवाला तोंड पडलं, पू वाहून गेला, कडुनिंबाच्या पाण्यानं धुता धुता जखम भरून आली. त्यानंतर भाऊ मला कंपनीत भेटले की आधी सिंहासनाची खुशाली विचारायचे. माझं त्या घरी जाणं-येणं सुरू झालं ते असं. सणासुदीला मला त्यांनी कधी खोलीवर एकट्याला जेवू दिलं नाही.

चाळीतच नव्हे, आसपासच्या कंपन्यांतलेही लोक वहिनींकडे यायचे. गुजराती यायचे, यूपीचे यायचे. पोटीस काय, कुणालाही करता येते. जवस दुकानात मिळतो, हळद घरात असते. लोक घरी करून बघायचे आणि गुण आला नाही की वहिनींकडे यायचे. सगळे म्हणायचे, वहिनींच्या हाताला गुण आहे. हातगुण म्हणजे नेमकं काय, हे मला आजही सांगता येणार नाही. पण त्या गळवाला दाबू द्यायच्या नाहीत, घाई करू द्यायच्या नाहीत, फडकी उकळायला लावायच्या. नाक-ओठाच्या मधे आलेलं करट तर बघायच्याही नाहीत. "तोंडावरचं मन्हं काम नही, सरळ दवाखान्यात जाय," असं म्हणून वाटेला लावायच्या. एवढी शहाणी बाई होती ती. म्हणून तर पुढचं जास्त लागतं.

त्यांचा नेम मला कळला तो गुड्डीमुळे. गुड्डीच्या गुडघ्यावर गळू झालं होतं. मी सहज गेलो तर पाहतो काय, वहिनींनी पोटीस शिजवली, फडक्यावर पसरली आणि शेजारच्या भारतीताईंना हाक मारली. भारतीताई म्हणजे सुधाकर फिटरची बायको, नाशिककडची, बोलायला तोंडाळ पण मनानं मऊ. त्यांनी पोटीस बांधली. पोरगी "आई, आई" करून रडत होती आणि वहिनी दाराशी पदराचा पिळा करत उभ्या होत्या. जवळ गेल्या नाहीत.

"हे काय वहिनी?" मी म्हणालो. "साऱ्या दुनियेला लावता आणि पोटच्या पोरीला नाही?"

"रक्ताचं अन् कुंकवाचं," त्या म्हणाल्या. "या दोन माणसांले आपला हात नही लावायचा. गळू वाळेपर्यंत अंगालाबी नही. लावला तर गुण उलटतो. मन्ही आत्यानी डोक्यावर हात ठेवून सांगेल शे."

आत्या म्हणजे त्यांच्या बापाची बहीण, पारोळ्याकडची. पोटिशीची विद्या वहिनींना तिच्याकडून आली होती. ती केव्हाच वारली होती, पण तिचा शब्द वहिनींच्या घरात देवाच्या शब्दासारखा चालायचा. गुड्डीचं गळू भारतीताईंच्या हातानं बरं झालं. मग काय, नेम खराच ठरला. मलाही तो खरा वाटला. का वाटू नये?

पुढच्या होळीच्या सुमाराला भगवंतभाऊ वाळायला लागले. गालफडं बसली, पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. तहान तर अशी लागायची की मशीनपाशी पाण्याचा कॅन घेऊनच उभे राहायचे आणि घटकाघटकाला मोरीकडे पळायचे. सुपरवायझर म्हणायचा, "भगवंत, तुझी हजेरी मशीनवर मांडू की मोरीवर?" आम्ही हसायचो. धागा तापवणाऱ्या हीटरच्या गरमीनं त्या हॉलमध्ये सगळ्यांच्याच घशाला कोरड पडायची, त्यात भाऊंचं वेगळं काही आहे असं कुणाला वाटणार? वहिनी त्यांना सब्जा घातलेलं सरबत द्यायच्या, भरपूर गूळ घालून. ते घटाघटा प्यायचे आणि पुन्हा तहानलेलेच.

त्यातच मानेवर गळू उठलं, मागे, केस संपतात तिथे. आधी चिमूटभर होतं. शर्टाची कॉलर लागून ठणकायला लागलं तेव्हा भाऊंनी संध्याकाळी घरी येऊन शर्ट काढला आणि मान खाली घालून वहिनींपुढे बसले. मी तिथेच होतो, चहा पीत.

"लाव सरू," ते म्हणाले.

वहिनींनी वाकून पाहिलं, पण दोन्ही हात पाठीशी धरून. मग मागे सरल्या आणि भारतीताईंना हाक मारली. भाऊ हसले. "घ्या! दुनियेची डॉक्टरीन घरात अन् मले शेजारीण."

भारतीताईंनी पोटीस बांधली, रोज बांधू लागल्या. आणि वहिनींनी नवऱ्याच्या अंगाला हात लावणं बंद केलं. ताट वाढून त्या पुढे सरकवायच्या, पाण्याचा पेला जमिनीवर ठेवायच्या आणि भाऊ उचलायचे. कपडे धुतलेले असायचे, पण खांद्यावर टाकायला गुड्डी. चाळीतल्या कुणाला ते विचित्र वाटलं असेल, मला बघवत नव्हतं. पूर्वी रोज संध्याकाळी भाऊ उंबऱ्यात बसायचे आणि वहिनी त्यांच्या डोक्याला तेल चोळून द्यायच्या, मशीनच्या आवाजानं डोकं दुखतं म्हणून. तेही थांबलं. त्याला वाचवायचं म्हणून ही बाई त्याला शिवत नव्हती. एवढं ध्यानात ठेवा, म्हणजे पुढे तिला दोष द्यावासा वाटणार नाही.

गळू पिकेना. नेहमी कसं, ते वर येतं, टोक धरतं, पिवळं दिसतं. हे वर येण्याऐवजी आडवं पसरत चाललं. मान फळीसारखी टणक झाली. मग एक तोंड पडण्याऐवजी चार-पाच बारीक तोंडं पडली, झाऱ्याला भोकं असावीत तशी, आणि त्यांतून थोडं थोडं पाझरायला लागलं. भाऊंना मान वळवता येईना. अंगात ताप भरला. सिक लीव्ह टाकून ते पालथे पडून राहायला लागले.

इथे दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, हे दुखणंच निराळं दिसतंय. पण आमच्याकडे सगळ्यांना कारण आधीच ठाऊक होतं. पोटीस तीच, जवस तोच, शिजवणारी तीच. बदलला होता तो फक्त हात. तेव्हा खोट हाताचीच. भारतीताई स्वतःच रडवेल्या होऊन म्हणाल्या, "माझ्याच हाताला यश नाही हो. दुसऱ्या कुणाला तरी बोलवा." सुधाकरनंही मान डोलावली. कंपनीतल्या मोठमोठ्या मशिनी खोलून बसवणारा माणूस तो, त्यालाही तेच पटलं. मग नरोलीहून दूध घालायला येणाऱ्या रमीबेनला गळ घातली. धोडिया आदिवासी बाई, चार लेकरांची आई, हात थंड म्हणून सगळीकडे तिचं नाव. ती दूध घालून झालं की बसायची आणि गुजरातीत समजूत घालत हलक्या हातानं पोटीस बांधायची, "सारू थई जशे, भाई, सारू थई जशे."

पहिल्या दिवशी तिच्या हाताखाली पू भरपूर वाहिला आणि भाऊंना जरा हलकं वाटलं. त्या दिवशी वहिनींचा चेहरा पाहायला हवा होता. त्यांनी रमीबेनच्या पाया पडायचंच बाकी ठेवलं. मला बळेबळे जेवायला थांबवलं, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी केल्या. भाऊंनी पालथ्या पालथ्याच दोन घास खाल्ले. मग दुसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप आला, आणि मानेवरची लाली कानापर्यंत चढली.

मी भाऊंना म्हणालो, "दवाखान्यात जाऊ. मी सुट्टी टाकतो. डॉक्टर बघतील, चिरायचं तर चिरतील."

वहिनी बाहेर नळावर गेल्यात याची भाऊंनी खात्री करून घेतली आणि हळू आवाजात म्हणाले, "वाल्मिक, सरूचा नवरा फोडासाठी दवाखान्यात गेला, असं व्हईल. उद्यापासून तिच्या दारात कोण येईन रे? तिले दुसरं काय शे? मले दोन दिवस दे. मले काय व्हस?"

असा तो माणूस. ती त्याच्यासाठी त्याला शिवत नव्हती आणि तो तिच्यासाठी दवाखान्यात जात नव्हता. दोघांवर मला तेव्हा इतका राग आला की मी चप्पल घातली आणि निघून गेलो. संध्याकाळी परत गेलो म्हणा. न जाऊन सांगतो कुणाला?

वहिनींच्या मनानं तोवर आणखी एक निर्णय घेतला होता. रमीबेनचा हातही पुरला नाही, तर आता आत्याच्या घरचाच हात आणायचा. आत्या नव्हती, पण तिची सून वेणूबाई होती. आत्यानं आपली विद्या वहिनींच्या मागून तिला दिली होती. वहिनींचा भाऊ तिला आणायला पारोळ्याकडे गेला. आता ती येईपर्यंत वाट बघायची. भुसावळ-सुरत पॅसेंजर, सुरतेहून वापी, वापीहून सिल्वासाची जीप. पोटीस बांधायला एक बाई इतक्या लांबून येणार होती आणि सरकारी दवाखाना आमच्या चाळीपासून जीपच्या एका फेरीवर होता. आज लिहिताना हे किती सरळ दिसतं. तेव्हा चाळीतले सगळे रोज विचारत होते, "वेणूबाई आल्या का?"

ती वाट बघण्यातली एक दुपार माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. माझी सेकंड शिफ्ट होती, जाता जाता डोकावलो. भाऊ भिंतीकडे तोंड करून पडलेले, गुड्डी वर्तमानपत्रानं वारा घालत होती. वहिनी उंबऱ्यावर बसलेल्या, पाठ चौकटीला टेकून, दोन्ही हात पदराखाली. जणू हातांना बांधून ठेवलं होतं.

"सरू," भाऊ म्हणाले. आवाज खोल गेला होता. "तूच लाव ना. एकदा. तुना हातनी सवय शे मले."

"अन् उलटलं तं?"

"आता आजून काय उलटनार?"

वहिनी उठल्या. मला वाटलं, लावणार. त्या दोन पावलं आत आल्यासुद्धा. मग त्यांची नजर गुड्डीवर गेली आणि त्या तिथेच खाली बसल्या, भाऊंपासून हातभर अंतरावर. "वेणू येते," त्या म्हणाल्या. "थोडा दम धरा. ती आली की बघा, उतार पडतो का नही." आणि पदर तोंडात कोंबून रडायला लागल्या. भाऊंना वळून बघता येत नव्हतं. "रडू नको," ते भिंतीला म्हणाले, "तू म्हणते तसं करू."

वेणूबाई आल्या तेव्हा मी घरीच होतो. उंच, मोठ्या हाडाच्या, पन्नाशीकडे झुकलेल्या बाई. हातपाय धुतले, पाणीही न पिता भाऊंच्या उशाशी बसल्या. वहिनींनी पोटीस तयारच ठेवली होती. वेणूबाईंनी जुनं फडकं सोडलं, वाकून बघितलं, वास घेतला. लालीच्या कडेकडेनं बोट फिरवलं. भाऊंना विचारलं, "तहान लागते का?" भाऊ म्हणाले, "विहीर प्यालो तरी जात नही." मग त्यांनी वहिनींच्या हातातली पोटीस घेऊन बाजूला ठेवून दिली.

"हे गळू नही," त्या म्हणाल्या. "काळपुळी शे. याले मी हात लावत नही अन् कोणीच लावायचा नही. गाडी बोलवा."

मी धावतच रस्त्यावर गेलो आणि वापीकडून आलेली जीप रिकामी करवून आणली. लोक शिव्या देत उतरले. भाऊंना आम्ही तिघांनी उचलून ठेवलं. वहिनी मागच्या बाकड्यावर वेणूबाईंशेजारी कोपऱ्यात बसल्या आणि सबंध रस्ताभर, जीप खड्ड्यात आदळली की त्यांचे हात आपोआप पुढे यायचे आणि त्या ते मागे घ्यायच्या.

दवाखान्यात डॉक्टरनं रक्त तपासलं आणि विचारलं, "यांना साखर कधीपासून आहे?" आमच्या समजुतीनं साखर म्हणजे पोट सुटलेल्या शेटजींचा आजार. हाडं दिसायला लागलेल्या माणसाला ती कुठून होणार? डॉक्टर म्हणाला, साखर वाढलेल्या माणसाची अशी पुळी घरी बरी होत नाही, विष रक्तात उतरलं आहे, आम्ही करतोय, पण फार उशीर झालाय. तो ओरडला नाही, कुणाला बोल लावला नाही. त्यानं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं असं मला वाटलं. त्याच्या शांतपणाचाही मला राग आला.

मान चिरली, सलाईन लावलं, इंजेक्शनं दिली. वहिनी खाटेच्या पायथ्याशी उभ्या राहायच्या. नर्स पट्टी बदलायला आली की म्हणायच्या, "बाई, कडेकडेनं लावा, मधी दुखतं त्यांना." नर्स म्हणाली, "तुम्ही जरा डोकं धरा ना." वहिनी मागे सरकल्या आणि मला म्हणाल्या, "वाल्मिकभाऊ, तुम्ही धरा." मी धरलं. डोकं निखाऱ्यासारखं तापलं होतं. भाऊंनी डोळे उघडले, मला पाहिलं, आणि मला वाटतं माझ्या मागे कुणाला तरी शोधलं. दुसऱ्या दिवशी दुपारी वॉर्डात चहा वाटत होते, तेव्हा ते गेले.

चाळीत आणलं. अंगणात पाट मांडला, शेजारी तिरडीचे बांबू येऊन पडले. सुधाकर आणि मी अंघोळ घालायला पुढे झालो. पुरुष माणसाला पुरुषांनीच घालायची. वहिनी दारात भिंतीला धरून बसल्या होत्या. गुड्डी त्यांच्या मांडीत तोंड खुपसून निपचित पडली होती. बायका म्हणत होत्या, "सरू, शेवटचं पाणी तरी घाल. अंगाला हात लाव." वहिनी मान हलवत होत्या. नाही, नाही.

वेणूबाई त्यांच्यापुढे उकिडव्या बसल्या. "दवाखान्यातबी मी बघितलं. तू त्याच्या अंगाला हात का लावत नही, सरू?"

"आत्यानी सांगेल शे. रक्ताचं अन् कुंकवाचं. गळू वाळेपर्यंत." वहिनींचा आवाज अगदी सरळ होता, कुणी पत्ता विचारला आणि सांगितला तसा. "वाळलं कुठे त्यांचं?"

वेणूबाई म्हणाल्या, "अवं, असा नेम नव्हता वो. सासूबाईंनी मामंजींच्या पाठीले सोताच्या हातानी लावलं व्हतं. अशीच काळपुळी व्हती. त्या बांधत राहिल्या, उद्या उतरीन, उद्या उतरीन. मामंजी गेले. तेव्हापासून त्या पोरींले सांगत, आपल्या मानसाचं दुखनं आपल्याले खरं दिसत नही, जीव गुंतेल राहतो. म्हनून रक्ताचं अन् कुंकवाचं असलं तं आपला हात आवरा, दुसऱ्या जानत्याले दाखवा, दवाखान्यात न्या. तू तेव्हा एवढीशी व्हती. पोरीनी ऐकावं म्हनून उलटन्याचं भ्या घातलं आसंन." त्या थांबल्या. "अंगाले शिवू नको असं त्या कसं म्हनतीन, सरू? मामंजींचं डोकं शेवटपर्यंत त्यांच्याच मांडीवर व्हतं."

वेणूबाईंनी हे त्या वेळी सांगायला नको होतं, असं मला पुढे बरीच वर्षं वाटायचं. आता वाटतं, त्यांनी सांगितलं नसतं तर वहिनी तेवढ्यालाही मुकल्या असत्या.

वहिनी रडल्या नाहीत. त्यांनी गुड्डीला अलगद बाजूला केलं, उठल्या आणि भारतीताईंना म्हणाल्या, "तुझ्या स्टोव्हवर जवस शिजव. मन्हा घरात आज चूल पेटत नही." भारतीताई पातेलं घेऊन आत गेल्या. कुणीतरी म्हातारा पुटपुटला, "हे काय चाललंय, उन्हं उतरायला लागली." मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो गप्प झाला.

वहिनी पाटाशी आल्या. माझ्या हातातला तांब्या घेतला. बादलीत कडुनिंबाचा पाला कुस्करून टाकला आणि भाऊंना त्यांनी एकटीनं अंघोळ घातली, गुड्डी तान्ही असताना घालत असतील तशी, कानामागे, बोटांच्या बेचक्यांत, कुठे काही राहू नये म्हणून. मशीनचं तेल माणसाच्या नखांत बसतं, ते शेवटपर्यंत जात नाही. ते काढायला त्यांनी किती वेळ लावला. मग डोक्याला तेल चोळलं, उंबऱ्यात बसून चोळायच्या तसं. आमच्यातल्या एकालाही तिकडे बघवेना आणि नजर काढूनही घेता येईना.

शेवटी त्यांनी मानेवरची दवाखान्याची पट्टी सोडली. जखम निंबाच्या पाण्यानं टिपून घेतली, कडेकडेनं. भारतीताईंनी पोटीस आणून दिली. वहिनींनी ती फडक्यावर पसरली, मनगटावर टेकवून चटका पाहिला, जरा निवू दिली. मग तिच्यावर तळवा ठेवून त्यांनी डोळे मिटले, नेहमीपेक्षा जास्त वेळ. आणि ती भाऊंच्या मानेवर बांधली, गाठ टोचू नये म्हणून पुढे घेतली, आणि तळवा तसाच वर दाबून धरला.

"झालं," त्या म्हणाल्या. "आता कुशीवर निजा. सकाळी ठणका नही राहणार."